थांबलेल्या मोटरचा हिशेब

ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बिल्टीच्या चार प्रती एकाच ठोक्यात काढाव्या लागतात. औषधांच्या घाऊक दुकानात कार्बन प्रतीवर शिक्का पडल्याशिवाय माल हलत नाही. बँकेत पासबुकाची जाड वही सरकवायची आणि मागच्या नोंदीखालच्या नेमक्या ओळीपासून छपाई सुरू करायची. ही कामे लेझर प्रिंटरच्या आवाक्यातली नाहीत. कार्बनखालच्या प्रतीपर्यंत ठोसा पोचवणे त्याला जमत नाही आणि शिवलेली वही त्याच्या पोटातून जात नाही. म्हणून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून टिकून आहे, आणि त्यातले कित्येक प्रिंटर तर आपल्या मालकाच्या जीएसटी क्रमांकापेक्षा वयाने मोठे आहेत.

या यंत्रांच्या दुरुस्तीत हेड आणि रिबन यांविषयी भरपूर जाणकारी आहे. अडकलेली पिन कशी ओळखावी, हेडची फ्लॅट केबल कुठे तुटते, हे दुकानातला शिकाऊ पोरगाही सांगतो. मोटरपाशी आले की मात्र बोलणे दोन वाक्यांत आटोपते : ‘मोटर गेली’ किंवा ‘आयसी उडाला’. मोटर सहसा गेलेली नसते. आणि आयसी का उडाला हे न शोधता नवा बसवला, की तोही उडतो. हे पुस्तक त्या दोन वाक्यांच्या पुढे जाण्यासाठी लिहिले आहे.

आणखी एक वाचक डोळ्यांसमोर आहे. पुण्याच्या जुन्या बाजारातून भंगारातला प्रिंटर उचलायचा, त्यातल्या मोटरी, बेल्ट आणि गुळगुळीत रॉड काढून घ्यायचे, तापकीर गल्लीतून ड्रायव्हरचे छोटे मोड्यूल आणायचे आणि प्लॉटर बांधायचा, हा अभियांत्रिकीच्या मुलांचा जुना उद्योग. जुन्या मोटरी दणकट असतात, त्यामुळे हा उद्योग बहुधा जमतोही. जमत नाही तेव्हा मोड्यूल जळते, आणि कारण न कळल्याने दुसरे मोड्यूलही त्याच वाटेने जाते.

दोघांनाही सांगायची गोष्ट एका वाक्यात मावते : स्टेपर मोटरचा मोठा खर्च ती थांबलेली असताना होतो. पंख्याची किंवा मिक्सरची मोटर थांबली म्हणजे तिची वीज बंद झाली. स्टेपर मोटर थांबते ती वीज चालू ठेवूनच, कारण जागा धरून ठेवणे हेच तिचे काम. ती वेगाने फिरू लागली की वाइंडिंगमधला करंट घटतो. उभी राहिली की करंट पूर्ण भरतो. आता प्रिंटरची दिनचर्या पाहा. सकाळी दहाला चालू केलेला प्रिंटर संध्याकाळपर्यंत प्रत्यक्ष छपाई करतो ती थोडा वेळ. बाकी सगळा दिवस तो ‘रेडी’चा दिवा लावून उभा असतो. त्या उभ्या वेळेत मोटरला किती करंट मिळतो, यावर विजेचा खर्चही ठरतो आणि बोर्डाचे आयुष्यही. काटकसर आणि सुरक्षितता हे दोन वेगळे धडे आहेत असे समजून आपण शिकतो. या मोटरीपुरता तो एकच धडा आहे. वाया जाते ती वीज उष्णता होते, आणि बोर्ड जाळते ती हीच उष्णता.

मोटरची रचना थोडक्यात सांगतो. प्रिंटरमध्ये दोन जातींच्या स्टेपर मोटरी भेटतात. एक पत्र्याच्या चपट्या डब्यातली, साध्या चुंबकाच्या रोटरची. ती बहुतेक वेळा एका फेरीत ४८ स्टेप घेते, म्हणजे दर स्टेपला ७.५ अंश. दुसरी हायब्रिड, वजनाला जड. तिच्या रोटरवर दोन दातेरी चकत्या असतात, प्रत्येकीवर ५० दाते, एकीचे दाते दुसरीच्या खाचांसमोर येतील असे सरकवलेले, आणि दोहोंच्या मध्ये चुंबक. वाइंडिंग क्रमाने चालू-बंद केली की रोटर दर वेळी पाव दात्याइतका सरकतो. ५० दाते गुणिले ४, म्हणून फेरीला २०० स्टेप आणि स्टेपला १.८ अंश. एक सूचना इथेच देऊन ठेवतो. हायब्रिड मोटर कुतूहलापोटी उघडू नये. तिचा चुंबक मोटर जुळवल्यानंतर भारलेला असतो. रोटर बाहेर काढला की त्याचा जोर कमी होतो आणि परत बसवल्यावर मोटर पहिल्यासारखी ओढत नाही.

या मोटरचा जन्म छपाईसाठी झालेला नाही. १९२०च्या दशकात ब्रिटिश युद्धनौकांवर तोफांची आणि टॉर्पेडो नळ्यांची दिशा दूरच्या दर्शकावर उमटवण्यासाठी स्टेपने फिरणाऱ्या मोटरी वापरात होत्या. आज हायब्रिड म्हणतात त्या रचनेचे पेटंट अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या फायरटॅग आणि डोनाहू या दोघांच्या नावे १९५२ मध्ये नोंदले गेले. तेव्हा हेतू होता संथ फिरणाऱ्या एसी मोटरचा : ५० दात्यांचा रोटर अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ७२ फेरे घेतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर तीच मोटर बरोबर ६० फेरे घेईल. डीसीचे ठोके देऊन तिला हवे तिथे थांबवता येते हा उपयोग मागून आला, आणि मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाल्यावर तो घरोघर पोचला. एप्सनचा १९८० सालचा एमएक्स-८० हा त्या काळचा ठळक प्रिंटर. हेडची गाडी डावी-उजवी नेणारी एक स्टेपर, कागद सरकवणारी दुसरी. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये यांना सीआर मोटर आणि पीएफ मोटर म्हणतात. पुस्तकात मीही तीच नावे ठेवली आहेत.

या दोघींकडून प्रिंटरला किती नेमकेपणा हवा असतो? एप्सनच्या नऊ पिनांच्या प्रिंटरमध्ये कागद सरकवण्याचे सर्वांत लहान माप इंचाचा २१६वा भाग. नेहमीची ओळ इंचाच्या सहाव्या भागाची, म्हणजे असे ३६ तुकडे. दोन पिनांमधले अंतर इंचाचा ७२वा भाग, म्हणजे ३ तुकडे. इंग्रजी अक्षर नऊ पिनांच्या एका फेरीत उमटते, त्यामुळे कागद एक-दोन तुकडे कमीजास्त सरकला तरी दोन ओळींमधली मोकळी जागा ती चूक पोटात घालते. देवनागरीला ही सवलत नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्र संगणकावर भारतीय लिप्या घेऊन आले. मात्र या लिप्या नऊ पिनांच्या प्रिंटरवर ग्राफिक्स म्हणून छापायच्या तर एकच ओळ दोन किंवा जास्त फेऱ्यांत पुरी करावी लागते. पीएफ मोटरने मध्येच एक स्टेप गाळली तर वेलांटी शिरोरेषेपासून सुटते किंवा उकार अक्षरात घुसतो. सीआर मोटर जाताना आणि येताना एकाच जागी थांबली नाही तर काना वरच्या अर्ध्यात एकीकडे आणि खालच्या अर्ध्यात दुसरीकडे दिसतो. मोटर तपासायला मराठी मजकुराचे एक पान छापून पाहणे ही महागड्या उपकरणाइतकी चांगली चाचणी आहे.

आता मुख्य विषय : ही मोटर चालवायची कशी. आकडे घेऊन बोलू. समजा एका वाइंडिंगचा रोध ५ ओहम आहे, इंडक्टन्स १० मिलिहेन्री आहे आणि तिला १ अँपिअर करंट झेपतो. ५ व्होल्ट दिले की १ अँपिअर मिळेल, पण लगेच नाही. इंडक्टन्सला रोधाने भागले की २ मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात करंट ६३ टक्क्यांपर्यंतच चढतो. मोटर सेकंदाला १००० स्टेप घेत असेल आणि दोन फेज एकावेळी चालू ठेवल्या असतील, तर प्रत्येक वाइंडिंगच्या वाट्याला एका खेपेला दोनच मिलिसेकंद येतात. म्हणजे करंट पुरता चढायच्या आधीच उतरण्याची वेळ होते. टॉर्क घटतो, गाडी अडखळते, स्टेप सुटते.

यावर सर्वांत जुना तोडगा सिमेंट रेझिस्टरचा. वाइंडिंगच्या ओळीत १५ ओहमचा रेझिस्टर लावायचा आणि व्होल्टेज चौपट, म्हणजे २० व्होल्ट करायचे. एकूण रोध २० ओहम झाला, चढण्याचा काळ अर्ध्या मिलिसेकंदावर आला, आणि २ मिलिसेकंदांत करंट ९८ टक्के भरू लागला. मोटर पळायला लागली. किंमत काय मोजली? वाइंडिंगमध्ये ५ वॅट आणि रेझिस्टरमध्ये १५ वॅट. दोन फेज चालू असतील तर ४० वॅट, त्यांतले ३० निव्वळ रेझिस्टर तापवायला. आणि हे मोटर उभी असताना, दिवसभर. जुन्या बोर्डावर पांढऱ्या रेझिस्टरखालची जागा करपून तपकिरी झालेली दिसते, ती याची खूण.

प्रिंटर बनवणाऱ्यांनी यातून काढलेली वाट साधी आणि हुशारीची आहे : दोन व्होल्टेजची. मोटर चालताना २४ व्होल्ट, थांबल्यावर ५ व्होल्ट. चालू करण्यापूर्वी प्रोसेसर एका ट्रान्झिस्टरला हुकूम देतो आणि मोटरच्या कॉमन तारेवर, म्हणजे वाइंडिंगच्या मधून काढलेल्या तारेवर, २४ व्होल्ट येतात. थांबताच तो ट्रान्झिस्टर बंद होतो आणि रेझिस्टर व डायोडमधून ५ व्होल्टची धार मोटरला जागेवर धरते. छपाईत हेडचे ठोसे बसत असताना कागद हलू नये एवढाच जोर पीएफ मोटरला उभ्याने लागतो. तो चालण्याच्या जोरापेक्षा पुष्कळ कमी आहे. १९८०च्या दशकातल्या कितीतरी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांत हीच रचना सापडते.

तिचा धोका मात्र तिच्या हुशारीतच आहे. २४ व्होल्ट देणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर मोटर चालायची थांबत नाही. प्रिंटर अगदी ठीक छापतो. फक्त उभा राहिल्यावरही कॉमन तारेवर २४ व्होल्ट कायम राहतात. आपल्या उदाहरणातल्या वाइंडिंगला तेवढे सतत मिळाले तर करंट जवळजवळ ५ अँपिअर आणि उष्णता शंभर वॅटच्या वर. गिऱ्हाईक सांगते, ‘सकाळी छापतो, दुपारी वास येतो.’ दुरुस्ती करणारा मोटर बदलतो, आणि आठवडाभरात नवी मोटरही त्याच वासाने परत येते. तपासणी एका मिनिटाची आहे. प्रिंटर रेडी असताना, मोटर उभी असताना, कॉमन तारेवर मल्टिमीटर लावा. पाचाच्या आसपास किंवा त्याखाली व्होल्ट दिसले तर ठीक. चोवीस दिसले तर ताबडतोब बंद करा आणि मोटरला दोष देण्याआधी तो ट्रान्झिस्टर काढून तपासा.

तिसरी पद्धत चॉपरची, आणि तीच पुढे सगळीकडे रूढ झाली. इथे रेझिस्टर नाही. वाइंडिंगला थेट २४ व्होल्ट द्यायचे, करंट चढताना मोजायचा, १ अँपिअरला पोचला की तोडायचा, थोडा उतरला की परत जोडायचा, सेकंदाला हजारो वेळा. आपल्या मोटरमध्ये करंट अर्ध्या मिलिसेकंदाच्या आतच १ अँपिअरला पोचतो. जुन्या प्रिंटरांत सान्केनच्या एसएलए ७०२४सारखे आयसी हेच करतात. चॉपरची एक गोष्ट नवशिक्याला चकवते. वाइंडिंगमध्ये १ अँपिअर वाहत असतो, पण २४ व्होल्टच्या सप्लायमधून त्यासाठी सरासरी फक्त एक पंचमांश अँपिअरच्या आसपास निघतो. हिशेब उघड आहे : उभ्या वाइंडिंगला ५ वॅट लागतात, आणि ५ भागिले २४ म्हणजे ०.२. सप्लायच्या तारेवरचा आकडा पाहून ‘मोटरला करंट कमी पडतोय’ म्हणत तो वाढवणारे पुष्कळ भेटतात. मोटरला पोचणारा करंट सप्लायवर मोजायचा नसतो.

उभ्या मोटरची काटकसर चॉपरमध्ये फार सोपी होते. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून थांबल्यावर करंट निम्मा केला की उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. ५ वॅटचे सव्वा वॅट. धरण्याचा जोर मात्र साधारण निम्म्यावरच येतो. जोर निम्मा, खर्च पाव : यंत्राच्या व्यवहारात इतका फायद्याचा सौदा क्वचित मिळतो. प्लॉटर बांधणाऱ्या विद्यार्थ्याने दुसरे काही नाही तरी एवढे करावे. मोटरवर लिहिलेला करंट देऊन ती सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापणे मोटरसाठी वावगे नाही. बऱ्याच मोटरींचे इन्सुलेशन १३० अंशांपर्यंत टिकणाऱ्या वर्गातले असते. पण तिला धरणारा थ्रीडी प्रिंटरवर छापलेला पीएलएचा कंस साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि बेल्टच्या ओढीने वाकतो.

आतापर्यंत करंट चढवण्याची गोष्ट झाली. ड्रायव्हर मरतात ते बहुधा करंट तोडताना. १० मिलिहेन्रीच्या वाइंडिंगमध्ये १ अँपिअर वाहत असताना तिच्यात ५ मिलिज्यूल ऊर्जा साठलेली असते. एवढीशी वाटते, पण सेकंदाला १००० स्टेप म्हणजे हजार वेळा कुठली तरी वाइंडिंग तोडली जाते, आणि ५ मिलिज्यूल गुणिले हजार म्हणजे ५ वॅट. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. वाट ठेवली नाही तर वाइंडिंगच्या टोकावरचे व्होल्टेज ती स्वतःला वाट मिळेपर्यंत वाढवत नेते, आणि ती वाट म्हणजे ट्रान्झिस्टर फुटणे. म्हणून डायोड. नुसता डायोड लावला तर करंट रेंगाळत उतरतो आणि वेगात मोटरला मागे ओढतो. डायोडच्या वाटेत झेनर घातला तर तो झपाट्याने उतरतो.

जुन्या प्रिंटरांतल्या मोटरी बहुतांशी युनिपोलर, म्हणजे मधून कॉमन तार काढलेल्या. त्यांच्यात आणखी एक खोच आहे. एका अर्ध्या वाइंडिंगवर २४ व्होल्ट लावले की त्याच लोखंडावरच्या दुसऱ्या अर्ध्यात ट्रान्सफॉर्मरप्रमाणे तेवढेच व्होल्ट उमटतात. परिणामी बंद असलेल्या ट्रान्झिस्टरवर २४ नव्हे तर ४८ व्होल्ट येतात. यूएलएन २००३ या ड्रायव्हर आयसीची मर्यादा ५० व्होल्ट आणि दर वाटेला अर्धा अँपिअर. पाच-बारा व्होल्टच्या छोट्या मोटरीला हा आयसी उत्तम. २४ व्होल्टच्या प्रिंटर मोटरला त्यावर जोडणे म्हणजे दोन व्होल्टच्या मोकळिकीवर संसार मांडणे.

याच कारणाने या पुस्तकात एक नियम जागोजागी ठळक छापला आहे : सप्लाय चालू असताना मोटरचा कनेक्टर काढायचा नाही, घालायचाही नाही. काढताना वाहता करंट तुटतो आणि साठलेली ऊर्जा ड्रायव्हरच्या अंगावर येते. सैल पिनेचा कनेक्टर हेच काम नकळत, दर धक्क्याला करत राहतो. वारंवार उडणाऱ्या आयसीचे कारण पुष्कळदा तोच असतो. बंद प्रिंटरची गाडीसुद्धा हाताने झपाट्याने ढकलू नये, कारण ढकललेली मोटर जनित्र होते आणि बोर्डाला उलट वीज देते.

मोटर जाम झाली तर? डीसी मोटर जाम झाली की करंट वाढतो, फ्यूज उडतो, बिघाड कळतो. स्टेपर जाम झाली तर काहीच वाढत नाही, कारण तिचा सर्वाधिक करंट उभ्यानेच असतो. फ्यूज शांत राहतो. ड्रायव्हर तर अंधारात पायऱ्या मोजत जिना चढणाऱ्या माणसासारखा आहे. आपण मोजल्या तेवढ्या चढलो असे तो धरून चालतो. गाडी अडकली असेल तर हेड एकाच जागी ठोसे मारत राहते, रिबन फाटते, हेड तापते. या मोजणीला खातरजमा मिळते ती एकाच ठिकाणी : डावीकडच्या होम सेन्सरपाशी. प्रिंटर चालू करताच गाडी डावीकडे जाते ती यासाठी. म्हणून गाडी कडेला आपटून घरघरत राहिली तर आधी सेन्सरच्या फटीतली धूळ आणि कागदाचा भुसा पुसावा, मग ड्रायव्हरकडे वळावे.

स्टेप सुटण्याची कारणे विजेपेक्षा यंत्रात जास्त असतात. रॉडवरचे जुने ग्रीस धुळीशी मिळून घट्ट होते, बेल्ट कडक होतो, रबरी रोलर चकाकतो. दुरुस्तीच्या घाईत यावर करंट वाढवण्याचा इलाज केला जातो. घर्षण तसेच राहते, उष्णता वाढते, आणि वर्षभरात दुसरा बिघाड येतो. रॉड पुसून हलके तेल दिल्यावर बंद प्रिंटरची गाडी हळूच सरकवून पाहिली आणि ती सगळीकडे सारख्या ओढीने सरकली, तरच विजेचा भाग उघडावा. वेगाबद्दलही हेच. उभ्या मोटरला एकदम पूर्ण वेगाचे ठोके दिले तर ती जागच्या जागी थरथरते. वेग पायरीपायरीने चढवावा लागतो आणि उतरवावाही लागतो. मधल्या काही वेगांना मोटर स्वतःच्या कंपनात सापडते आणि स्टेप गाळते. मूळ प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये हे वेग टाळलेले असतात. स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते शोधून काढावे लागतात.

जुन्या मोटरवर नवा ड्रायव्हर बसवणाऱ्यांसाठी स्वतंत्र भाग आहे; त्यातले सार इथे देतो. मूळ बोर्ड ठेवून त्यावर ए ४९८८ किंवा टीएमसी २२०९ चिकटवता येत नाही. जुना प्रोसेसर चार फेजांचे वेगवेगळे हुकूम देतो, नव्या ड्रायव्हरला ‘एक स्टेप’ आणि ‘दिशा’ असे दोन हुकूम लागतात. मोटर बोर्डापासून वेगळी केली असेल तर आधी तारा ओळखाव्यात. सहा तारांच्या मोटरमध्ये दोन गट निघतात. टोकापासून टोकापर्यंतचा रोध टोकापासून मधल्या तारेपर्यंतच्या दुप्पट भरतो. मधल्या तारा वेगवेगळ्या टेपने बंद करून चार टोके नव्या ड्रायव्हरला द्यावीत. असे केल्यावर सबंध वाइंडिंगचा रोध दुप्पट आणि इंडक्टन्स चौपट होतो, म्हणून करंटची मर्यादा मूळच्या सुमारे ७० टक्क्यांवर आणावी. सगळे तांबे कामाला लागत असल्याने तेवढ्याच उष्णतेत जोर मात्र सुमारे ४० टक्के जास्त मिळतो. पाच तारांच्या मोटरमध्ये मधल्या तारा आतच जोडलेल्या असतात. ती अशा ड्रायव्हरला तशीच जोडू नये.

ड्रायव्हर निवडताना त्यात किती व्होल्ट खर्च होतात ते पाहावे. लोकप्रिय एल २९८ हा जुन्या धाटणीच्या ट्रान्झिस्टरांचा. १ अँपिअरला दोन-तीन व्होल्ट आणि २ अँपिअरला पाचाजवळ व्होल्ट तो स्वतःच खातो. मॉस्फेटचे नवे ड्रायव्हर १ अँपिअरला व्होल्टाच्याही आत भागवतात. करंटची मर्यादा मोटर जोडण्याआधी लावावी. ए ४९८८वर संदर्भ व्होल्टेजला मोड्यूलवरच्या मोजणी रेझिस्टरच्या आठपटीने भागले की करंट येतो. तो रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल तर ०.८ व्होल्टला १ अँपिअर. दिसायला तशाच दुसऱ्या मोड्यूलवर ०.०५ ओहमचा असेल तर तेवढ्याच व्होल्टला २ अँपिअर. इंटरनेटवरून नुसता व्होल्टचा आकडा उचलणाऱ्यांची मोड्यूले इथे जळतात. ३५ व्होल्ट मर्यादेच्या या आयसीला २४ व्होल्ट लांब तारांनी झटक्यात जोडले तर क्षणभर जवळजवळ दुप्पट उसळी येऊ शकते. मोटर सप्लायच्या पिनांना अगदी लागून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला की ती आवरते.

राहिला घरच्या विजेचा धोका. स्विचिंग सप्लायच्या प्रिंटरमध्ये २३० व्होल्ट एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही टिकून राहतात. झाकण उघडल्यावर पहिले माप तिथलेच घ्यावे. फ्यूजच्या जागी तार गुंडाळून ‘तात्पुरते’ चालवणे ही आपल्याकडची जुनी खोड; मोटरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्यावर सप्लायला वाचवणारा तोच एक फ्यूज असतो. चालत्या गाडीजवळ ओढणी, गळ्यातले ओळखपत्र आणि शर्टाची सैल बाही नको. छपाईनंतरच्या हेडला लगेच बोट लावू नये.

पुस्तकाची मांडणी या क्रमानेच आहे : आधी यंत्राची सफाई, मग मोटर ओळखणे, मग तिन्ही पद्धतींची मूळ सर्किटे आणि त्यांचे नेहमीचे बिघाड, आणि शेवटी नवे ड्रायव्हर. इंकजेट आणि स्कॅनरमधल्या स्टेपर मोटरींना छोटे प्रकरण पुरले, कारण तिथे तत्त्व तेच आहे. इंकजेटच्या गाडीला पुढे पुढे डीसी मोटर आणि पारदर्शक पट्टीवरचा एन्कोडर मिळाला, तो विषय वेगळा आहे. गणित शाळेच्या भागाकार-गुणाकारापलीकडे जात नाही. सर्किटे समजून घ्यायला घाई करू नका. प्रत्येक सर्किटापाशी आधी एकच प्रश्न विचारा, मोटर उभी असताना इथून किती करंट जाईल? उत्तर देता आले की बाकीचे सर्किट उलगडते.

दुकान चालवणाऱ्या वाचकाकडून मात्र एक अपेक्षा आहे. दुरुस्त झालेला प्रिंटर एक पान छापून लगेच गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नका. त्याला अर्धा तास रेडी ठेवा, काही न छापता. मग कॉमन तारेवरचे व्होल्ट मोजा, सप्लाय बंद करा आणि मोटर, ड्रायव्हर व सिमेंट रेझिस्टर किती तापले ते पाहा. छपाईची चाचणी मोटर चालते का एवढेच सांगते. गिऱ्हाइकाकडे ती टिकेल का, हे या अर्ध्या तासात कळते. त्या अर्ध्या तासाचे पैसे बिलात लावायला संकोच करू नये, कारण परत आलेल्या प्रिंटरची दुसरी दुरुस्ती दुकानदाराला बहुतेक वेळा फुकटच करावी लागते.